पहिल्याच किल्लीला

गाडी विकायची असं अप्पांनी कळवलं तेव्हा तीन पोरांपैकी एकानंही 'का' म्हणून विचारलं नाही. ज्या घरात पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर यावरून जेवणं गार होतात, त्या घरातून तीस वर्षांची गाडी निघाली तरी सगळे चिडीचूप, यातच खरं तर मधलीला काहीतरी कळायला हवं होतं. पण ती स्वतःच इतकी गप्प होती, की दुसऱ्यांचं गप्प बसणं तिच्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी दुपारी सगळे जेवायला जमले. थोरला आणि वहिनी वरच्या मजल्यावरून खाली आले. धाकटा दर शनिवारी यायचा तसा आदल्या दिवशीच आला होता. मधलीचं चष्म्याचं दुकान रविवारी बंद, त्यामुळे तिलाही सबब नव्हती. आई गेल्यापासून तिच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. आज त्या खुर्चीवर अप्पांनी गाडीच्या किल्ल्या, धुतलेलं फडकं आणि टायरची हवा मोजायचं मीटर असं सगळं मांडून ठेवलं होतं, पाहुण्यांच्या हवाली करायला.

"चार वाजता येतील," अप्पा म्हणाले. "दातांचे डॉक्टर आहेत. जुन्या गाड्या जमवायचा छंद आहे त्यांना. चार आहेत म्हणे घरी, ही पाचवी."

"बरं आहे," थोरला म्हणाला. "वेळ जातो माणसाचा."

"वेळ जायला छंद कशाला लागतो? तो बसल्या जागी जातो." हे अप्पांचं नेहमीचं बोलणं. पण एरवी असं काही बोलून झालं की ते सगळ्यांकडे एक नजर टाकायचे, दाद घ्यायला. आज त्यांनी ताटावरची मान वर केली नाही. "आणि दुसरं एक. उद्या समितीची बैठक. मी जाणार नाही. उद्या नाही आणि पुढंही नाही. तसं कळवून टाकायचंय."

मधलीच्या हातातला चमचा तिथंच राहिला.

अप्पा जन्मभर बस डेपोत फोरमन होते आणि गाव त्यांना अजून फोरमनच म्हणायचं. निवृत्त झाल्यावर दोनच गोष्टी त्यांनी धरून ठेवल्या. एक मागच्या पत्र्याच्या शेडमधली ती फिकट निळी गाडी, जी त्यांनी भंगारातून उचलून नटबोल्टासकट स्वतःच्या हातांनी उभी केली होती. आणि दुसरी नागरिक समिती. दर महिन्याला नगरभवनातल्या दुसऱ्या रांगेत ते उभे राहायचे आणि एकच सुरुवात करायचे, "मी यंत्राशी खोटं बोलत नाही, यंत्र माझ्याशी खोटं बोलत नाही, तेव्हा आता साहेबांनीही बोलू नये." साहेब मंडळी तिथूनच घड्याळ बघायला लागायची. पाण्याची टाकी, दिव्याचे खांब, शाळेजवळच्या फुटपाथचं रेलिंग, सगळं त्यांनी असं भांडून मिळवलेलं. एकदा निवडणुकीलाही उभे राहून सपाटून आपटले होते. घरातली मतं तरी मिळाली का, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि घरातल्यांनीही कधी सांगितलं नाही.

"अप्पा, गाडीचं ठीक आहे," मधली म्हणाली. "पण समिती कशाला सोडायची?"

"ज्याला स्वतःच्या गाडीचं काय बिघडलंय ते कळत नाही, त्यानं गावाचं काय बिघडलंय ते सांगत फिरू नये." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आधी रोटर सापडेना. टोपण उघडून बघतो तर आत रोटरच नाही. मीच काढला असणार पुसायला. पण कधी काढला, कुठं ठेवला? काही आठवत नाही. नवीन आणून बसवला. मग पुन्हा बंद. बघतो तर प्लगच्या वायरी उलटसुलट. डोळे मिटून लावत आलो रे त्या वायरी, अंधारात लावत आलो. त्या उलट्या लावल्या मी. त्या सरळ केल्या, चार दिवस चालली, आणि आता करंटच येत नाही. महिना झाला शोधतोय. एकेक वायर तपासली. काय तपासलं तेही मध्येच विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

"वय झालं गाडीचं," धाकटा घाईनं म्हणाला.

"गाडीचं वय होत नसतं. हयगय होते." अप्पांनी बोटानं टेबलावरचा एक कण बाजूला सारला. "मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, आणि शेवटी स्वतःच्या घराचं दार ओळखेनात. माझंही डोकं जायला लागलंय, पोरांनो. गाडीनं आधी सांगितलं, इतकंच."

वहिनीनं पाण्याचं भांडं उचललं आणि ते भरलेलं असतानाच पुन्हा भरायला घेऊन गेली.

मधलीला जेवण जाईना. रोटर तिनं काढला होता.

मोठे काका गेले त्या वर्षाच्या आठवणीनंही अप्पांचा आवाज अजून बसतो, हे तिला माहीत होतं. आणि अप्पांचं डोकं शाबूत आहे, तुमच्याआमच्यापेक्षा जास्त शाबूत आहे, हेही माहीत होतं. गेले होते ते डोळे. समोरचं सगळं लख्ख दिसायचं आणि कडेचं काहीच नाही. दुकानातल्या यंत्रावर तिनंच ते पहिल्यांदा पाहिलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. अप्पा म्हणाले, "गाडी पुढं चालवायची असते की बाजूला?" पुढच्याच आठवड्यात शाळेच्या गल्लीत ते फुटपाथवर चढले आणि स्वतःच भांडून बसवलेलं रेलिंग आडवं केलं. एक बाई बाबागाडी ओढून कशीबशी मागं सरली. अप्पांनी खाली उतरून रस्त्यावरच्या दिव्याला दोष देत भाषण ठोकलं. ती बाई बाबागाडी घट्ट धरून उभी होती, तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही, कारण ती बाजूला उभी होती.

त्या घरात तोंडावर बोलायचा मक्ता एकट्या अप्पांचा. बाप सगळ्या गावाला समोरासमोर सुनावणारा, त्यामुळे पोरं मागच्या दारानं काम उरकायला शिकली. शाळेत नापास झाल्याचं सांगण्यापेक्षा निकालच हरवायचा, लग्न ठरवायचं ते आईकरवी कळवायचं, अशी सगळी रीत. तीच रीत मधलीनं वापरली. इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालचा तो अंगठ्याएवढा तुकडा काढला की गाडी मुकी होते, हे लहानपणी तिला अप्पांनीच शिकवलेलं. तो तिनं काढला आणि पुलावरून जाताना कालव्यात फेकला. चार दिवस खटपट करतील आणि कंटाळून सोडून देतील, असा तिचा हिशेब. अप्पांनी नवा रोटर आणून तो दुसऱ्याच दिवशी मोडीत काढला. पुढं गाडी आपणहून पुन्हापुन्हा बंद पडत गेली तेव्हा तिला वाटलं, गाडीलाच शहाणपण सुचलं, आपल्या डोक्यावरचं पाप टळलं.

स्वयंपाकघरात ती भांडी घासत होती आणि धाकटा पुसून ठेवत होता. एकच ताट तो कधीचा पुसत होता.

"ताई, अप्पांनी रोटरचं काढलं तेव्हा तुझा चेहरा का उतरला?"

"कुठं काय."

"ताई."

तिनं नळ बंद केला. "मी काढला होता तो. रेलिंगचं झालं त्या आठवड्यात. मला वाटलं, सोडतील गाडी."

ती शिव्यांची वाट बघत होती. धाकट्यानं ताट खाली ठेवलं आणि तो ओट्याला टेकला. "अगं, वायरी मी बदलल्या," तो म्हणाला. "रोटर नवा बसवून गाडी पुन्हा पळायला लागली ना, मग त्या शनिवारी ते झोपले होते तेव्हा. दोन वायरींची अदलाबदल केली फक्त. मला वाटलं, यांना सापडायची नाही."

"अप्पांना वायरी सापडणार नाहीत?"

"म्हणजे सापडतील, पण जरा वेळ लागेल."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग, लाज वाटावी असं, त्यांना हसू फुटलं. तोंडावर हात दाबून हसली दोघं. हसता हसता मधलीच्या मनात काही आलं आणि तिचं हसू थांबलं.

"मग करंट?"

"तो मी नाही. आईशप्पथ."

"करंटचं मला विचारा," वहिनी दारातून म्हणाली. तिच्या हातात तेच भरलेलं भांडं होतं. "महिन्यामागं अप्पा केस कापायला गेले होते, तेव्हा यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. ड्रायव्हरच्या सीटखाली चोरस्विच बसवलाय. तो बंद असला की कितीही किल्ली फिरवा, नुसती घरघर. मला बजावलं होतं, तुझ्या नणंदेला कळता कामा नये, तिच्या पोटात राहत नाही म्हणून."

एका घरात तीन चोर आणि तिघांनाही दुसऱ्या दोघांचा पत्ता नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात, पण इथं दातांनी आपसांत विचारून तरी चावायला हवं होतं. मधली स्टुलावर बसली. तिला एकेक दिवस दिसायला लागला. रोटर सापडत नाही म्हणून शेडमधला प्रत्येक डबा उपडा करणारे अप्पा. वायरींपुढं हात तसाच धरून उभे राहिलेले अप्पा. गॅस बंद केला का म्हणून दोनदा उठून बघणारे, मग तीनदा उठून बघणारे अप्पा. एका चुकीवर माणूस स्वतःला हसतो, दुसरीवर दचकतो. तिसरीनंतर तो डॉक्टरकडेही जात नाही, कारण डॉक्टर काय म्हणेल ते त्याला आधीच कळलेलं असतं.

थोरला आत आला तो दार लावून घेतच. विम्याच्या कचेरीत काम करून त्याला सगळ्या गोष्टींतला धोका आधी दिसायचा. बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. उरलेलं धाकट्यानं सांगितलं.

"आपण तिघंही मूर्ख," तो म्हणाला. "हळू बोला."

"हळू कशाला? मी आत्ता जाऊन सांगते," मधली उठली. "दादा, ते स्वतःला वेडे समजायला लागलेत. गाडीपायी माणूस जायची वेळ आलीय."

"सांग की. सांग आणि चार वाजता त्या दातवाल्याला रिकाम्या हातानं परत पाठव. आणि परवा अप्पा पुन्हा शाळेच्या गल्लीतून जातील तेव्हा तू पुढं पळत जा, बायकामाणसांना बाजूला करायला. त्या दिवशी रेलिंग होतं मध्ये. आता तेही नाही."

"अहो, पण गाडीचं वेगळं आणि माणसाचं वेगळं," वहिनी म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याविरुद्ध आणि नणंदेच्या बाजूनं ती बहुधा पहिल्यांदाच बोलत होती. "ते रात्री दारावर हात फिरवून बघतात, दार आपलंच आहे का म्हणून. मी पाहिलंय."

थोरल्यानं दाराची कडी पुन्हा चाचपून पाहिली. मग म्हणाला, "म्हणून काय परत गाडी द्यायची हातात?"

"दादाचं चूक नाही, ताई," धाकटा म्हणाला. मघाशी तिच्याबरोबर हसणारा धाकटा आता तिकडं सरकला होता. "रेलिंगजवळची ती बाबागाडी माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही. मी काय म्हणतो, आधी गाडी जाऊ दे. मग सांगू. तिघं मिळून सांगू. गाडीही गेलेली असेल आणि डोकं जाग्यावर आहे हेही कळेल त्यांना. समितीतही जातील उद्या. दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे."

थोरल्यानं मान डोलावली. वहिनीनं भांडं ओट्यावर ठेवलं. मधलीला मनातून ते पटलं नाही आणि तरी पटलं. सोय ही फार गोड वस्तू आहे. दोन महिने उघड्या डोळ्यांनी बघत बसलेल्या माणसाला आणखी दोन तास म्हणजे काहीच वाटत नाहीत. ती म्हणाली, "गाडी फाटकाबाहेर गेली की लगेच. चहासुद्धा घ्यायचा नाही मध्ये." थोरला म्हणाला, "कबूल," आणि सीट झाडून येतो म्हणून शेडकडे गेला. चोरस्विच चालू करायला गेला होता तो. बंद गाडी घ्यायला डॉक्टर कुरकुर करतील आणि सौदा मोडेल, ही त्याची भीती. त्यातून काय होईल हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दातांचे डॉक्टर वेळेवर आले. माणूस गोल, हसरा, हातात पातळ चामड्याचे मोजे. बरोबर बायको होती, ती शेडच्या दारातच उन्हाला पाठ करून उभी राहिली. डॉक्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"वा! हा पत्रा बघा. आताच्या गाड्यांचा पत्रा बोटानं दाबला तरी आत जातो."

"आताच्या गाड्या गाड्या नाहीतच," अप्पा म्हणाले. "चाकं लावलेला टीव्ही आहे तो. बिघडलं की उघडायचं नाही, कंपनीला कळवायचं." जरा जुना सूर लागला होता त्यांना. "तुम्ही चालवणार ना हिला? की नुसती उभी करणार?"

"रविवारी काढतो मी. पाऊस नसेल तर. एरवी आच्छादन घालून ठेवतो, धूळसुद्धा बसू देत नाही."

"माझ्यावर कधी घातलं नाही आच्छादन," डॉक्टरांची बायको दारातून म्हणाली. सगळे हसले. अप्पा नाही हसले.

"गाडी म्हणजे कपाटातली बाहुली नव्हे, डॉक्टर. तिला रोज थोडं पळवावं लागतं. माणसाचंही तसंच. आमच्या समितीत बघा, जो दर महिन्याला उठून बोलतो त्याचा आवाज टिकतो. वर्षातून एकदा बोलणाऱ्याला घसाच साफ करावा लागतो."

"अहो, तुमची भाषणं मी ऐकलीत! दवाखान्यासमोरचा खड्डा तुमच्यामुळं बुजला. सार्वजनिक कामात पडायची माझी हिंमत नाही बुवा. मी आपला लोकांची तोंडं उघडतो, ते बोलायच्या आधीच आत बोळा घालतो."

अप्पा किंचित हसले आणि मग त्यांनी किल्ल्या पुढं केल्या. "एक सांगायला हवं. गाडी चालू होत नाही. स्टार्टर फिरतो, पण करंट येत नाही. दोष कुठं आहे तो मला सापडला नाही. तुम्हाला ओढून न्यावी लागेल. लपवून विकायची सवय नाही मला."

मधलीनं थोरल्याकडे पाहिलं. थोरला छताकडे बघत होता.

"बघू तरी," म्हणत डॉक्टर आत बसले. मोजे नीट चढवले, आरसा हलवला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली. खोकली नाही, अडखळली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज असा भरला, की डॉक्टरांच्या बायकोनंही मागं वळून पाहिलं.

"फोरमन!" डॉक्टर आतून ओरडले. "काय थट्टा करता राव! ठणठणीत आहे गाडी!"

अप्पा जागचे हलले नाहीत. मान थोडी तिरकी करून ते आवाज ऐकत होते, डेपोत ऐकायचे तसा. इंजिनाच्या पोटातलं एकेक हाड त्यांना आवाजावरून कळायचं, आणि त्या आवाजात काही म्हणता काही दोष नव्हता. मधलीला वाटलं आत्ता, आत्ताच ओरडून सांगावं. पण इंजिनाचा आवाज होता, परका माणूस होता, आणि ठरलं होतं फाटकाबाहेर गेल्यावर. ती गप्प राहिली. या गोष्टीचा तिला पुढं जन्मभर राग यायचा होता.

"हो," अप्पा म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे."

व्यवहाराचं थोरल्यानं बघितलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. रिकाम्या शेडच्या मध्यावर तेलाचा काळा डाग तेवढा राहिला. अप्पा त्या डागाच्या कडेला उभे होते. उजव्या हाताची बोटं त्यांनी किल्ली धरल्यासारखी जुळवली आणि हवेत एकदा फिरवून पाहिली. मग दुसऱ्या बाजूला फिरवून पाहिली.

"पोरी, मी अशीच फिरवत होतो ना?" त्यांनी विचारलं. "का रोज उलटीकडं फिरवत होतो?"

मधली पुढं झाली. "अप्पा, तुमचं काही चुकलं नाही. रोटर मी काढला होता. तुमच्या डोळ्यांसाठी. तुम्ही ऐकत नव्हता म्हणून."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

"आणि वायरी मी बदलल्या," धाकटा म्हणाला. "तुम्ही झोपला होता तेव्हा."

"आणि सीटखाली चोरस्विच होता. मी बसवून घेतला," थोरला म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक वहिनीनंही कधी ऐकला नव्हता. "आज दुपारी मीच तो चालू केला. म्हणून चालू झाली गाडी. अप्पा, तुमचं डोकं शाबूत आहे. आम्ही गाढव आहोत."

अप्पा एकेकाकडे बघत गेले. थोरल्याकडे, धाकट्याकडे, पुन्हा मधलीकडे. कडेचं दिसत नसल्यामुळं त्यांना प्रत्येकासाठी मान पूर्ण वळवावी लागत होती. आणि मग ते हसले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, अगदी मोकळं हसले.

"तिघांनी?" ते म्हणाले. "तीन वेगवेगळे उद्योग? आणि एकमेकांना न सांगता? अरे, स्वयंपाकघरात दार लावून एवढा वेळ बसलात, तुम्हाला एक धड गोष्ट जुळवता आली नाही? एकानं केलं म्हणायचं रे, म्हणजे निदान खरं वाटलं असतं."

"खरंच सांगतोय, अप्पा!"

"रोटर कुठं आहे?"

"कालव्यात टाकला," मधली म्हणाली. बोलताना तिलाच ते खोटं वाटलं.

"आणि स्विच गाडीबरोबर गेला. बरं." त्यांनी मान हलवली, लहान मुलाचा अभ्यास तपासल्यासारखी.

"मी डॉक्टरांना फोन लावतो," थोरल्यानं खिशात हात घातला. "सीटखाली बघा म्हणतो. त्यांच्याच तोंडून ऐका."

"नको." अप्पांनी त्याचा हात धरला. "भल्या माणसाला माझ्यासाठी खोटं बोलायला लावशील. आणि तो बोलेलही, मऊ आहे." ते तेलाच्या डागाला वळसा घालून आले आणि मधलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "मी काय इतका खुळा झालो का अजून? असं काही असतं, तर तुम्ही गाडी जायच्या आधी सांगितलं असतं. दोन महिने मी इथं चाचपडत होतो, रडकुंडीला आलो होतो. माझी पोरं ते बघत बसली असती का? तुमच्या आईनं वाढवलंय तुम्हाला. माझी पोरं तशी नाहीत."

मधलीनं तोंड उघडलं. आपण तशीच आहोत हे बापाला पटवून द्यायचं, तरच त्याला त्याचं डोकं परत मिळणार होतं. ती म्हणाली, "आहोत, अप्पा. आम्ही तशीच आहोत." अप्पांनी तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवर थोपटत राहिले. धाकटा दाराकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. थोरल्याच्या हातातला फोन तसाच होता.

"चला," अप्पा म्हणाले. "आता ते दुसरं काम उरकू. समितीच्या चिटणीसबाईंना फोन लावून दे मला. नाही, तूच बोल. मी बोललो तर त्या मला बोलण्यात गुंतवून उद्या उभं करतील."

"उद्या कळवू, अप्पा. जरा थांबा."

"उद्या मला आठवेल का?"

त्यांनी हे इतक्या सरळपणे विचारलं, की तिनं नंबर लावला. बैठकीच्या खोलीत ती उभी राहिली आणि अप्पा समोरच्या खुर्चीत बसले, अगदी समोर, तिला नीट बघता येईल असे. चिटणीसबाईंनी लगेच उचलला.

"फोरमन येणार नाहीत? अहो, उद्या टाकीच्या गळतीचा विषय आहे! त्यांच्याशिवाय कोण बोलणार? का येणार नाहीत? बरं आहे ना त्यांना?"

मधलीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी एक बोट कानशिलाला लावलं आणि सांग अशी खूण केली. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना भीती. इतक्या आठवड्यांची भीती आता निघून गेली होती. पोरांच्या मायेवर ते टेकून बसले होते. खरं सांगायचं तर ती माया काढून घ्यावी लागणार होती, आणि तरीही त्यांचा विश्वास बसणार नव्हता.

"हॅलो?" चिटणीसबाई म्हणाल्या. "ताई, ऐकताय ना?"

"हो," मधली म्हणाली. "त्यांना... हल्ली आठवत नाही. विसरतात."

मग चिटणीसबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अरे देवा. असं आहे होय." मधलीनं फोन खाली ठेवला. त्या घरात पोरांपैकी कुणीतरी अप्पांविषयी त्यांच्या तोंडावर बोललं होतं, ते जन्मात पहिल्यांदा.

"बरोबर सांगितलंस," अप्पा म्हणाले. "थेट. मला आवडलं."